हौद मोजला की पाणी?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, मठात जाऊन तासन्‌तास बसलो तेव्हा स्वामींनाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलो, तर कुठून सुरुवात करावी तेच कळेना. मिठापासून करतो.

माकणीच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथल्या सोसायटीचा सचिव. गाव मला आप्पा म्हणायचं. बहात्तरचा दुष्काळ गावानं कसाबसा काढला होता आणि पुढच्या पेरणीला सोसायटीतून बाजरीचं बियाणं आलं होतं. त्यात बुरशीचे काळे दाणे निघाले. असलं पीक पोटात गेलं तर माणूस गडबडा लोळतो. तालुक्याच्या शेतकी साहेबांनी उपाय सांगितला — बियाणं मिठाच्या पाण्यात टाका, रोगट दाणे वर तरंगतील, चांगले तळाला बसतील. मग चांगले दाणे साध्या पाण्यानं दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवा. घरोघरी एवढं पाणी कुठलं? म्हणून मीच डोकं चालवलं. गावाचं सगळं बियाणं गुदामामागच्या हौदात एकदमच काढू म्हटलं.

दहा लिटरला दोन किलो मीठ. इतकं सोपं होतं. मॅट्रिकला गणितात मी वर्गात पहिला होतो, हे दिसेल त्याला मी सांगायचो. हौदाची लांबी, रुंदी, खोली फुटांत घेतली, त्याचे लिटर केले आणि मिठाची पोती फोडायला लावली. हौद छातीभर खोल. पाणी मात्र गुडघ्याच्या थोडं वर. आता तुम्हीच सांगा — मी हौद मोजला होता की पाणी? मला खरंच आठवत नाही. टेप आत सोडलेली आठवते. आकडा काठाशी वाचला की पाण्याशी, ते आठवत नाही. अजूनही भाजीत मीठ जास्त लागलं की ती टेप डोळ्यांपुढं येते आणि घास तसाच राहतो.

साहेबांनी जाताना एक गोष्ट बजावली होती. मीठ बरोबर पडलं का बघायला ताजं अंडं सोडायचं. साध्या पाण्यात ते बुडतं, खाऱ्या पाण्यात वर येतं. नाण्याएवढंच डोकं वर दिसलं तर मीठ बरोबर, जास्त वर आलं तर मीठ जास्त.

आमचं घर लिंगायताचं. अंड्याला मी जन्मात हात लावलेला नव्हता.

गुदामात तुळसाबाई होती. झाडलोट करायची, धान्य चाळायची. नवरा गेलेला, घर बौद्धवस्तीत, आणि या कामावरच तिचं पोट. तिनं पदराच्या गाठीतून अंडं काढून माझ्यापुढं धरलं. "सकाळीच घातलंय कोंबडीनं, आप्पा. ताजं हाय बगा." मी हात पुढं केला नाही, कोनाड्याकडं बोट दाखवलं. तिनं तिथं ठेवलं आणि पोती सोडायला निघून गेली.

मग काय झालं? काहीच झालं नाही. मी अंडं उचललंच नाही. घाई होती? किळस होती? की ते तिच्या घरचं होतं म्हणून? यातलं कुठलं किती, ते माप मला आजही जमत नाही. मागं जाऊन हौदाशी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. पुढं दारात माणसं बियाणं घेऊन खोळंबली होती, त्यांना येऊन सांगितलं, "अंडं सोडून बघितलं. मीठ बरोबर हाय."

हौदाच्या तळाला मिठाचे खडे न विरघळता तसेच पडलेले मला दिसले होते. दिसले म्हणजे कळलं होतं का? आणि कळलं होतं तर थांबलो का नाही? शिवाय धुवायला पाणी कमी पडलं, दोनतीनदाच्या जागी एकदाच धुतलं. म्हणजे घात मिठानं केला की न धुण्यानं, तेही मला ठरवता येत नाही. ठरवून तरी काय?

पाऊस वेळेवर आला, पेरण्या झाल्या, बाजरी उगवली नाही. इथं चार कोंब, तिथं दोन. ज्यांनी घरातलं जुनं बियाणं टाकलं होतं त्यांची तेवढी शेतं हिरवी. गाव चावडीपुढं बसलं. कुणी म्हणालं पाऊसच उलटा, कुणी म्हणालं बियाणंच खोटं. आणि मग एकानं विचारलं, हौदात अंडं बुडवलं, ते कुणाच्या घरचं?

झालं. अणदूरच्या खंडोबाला ज्या बाजरीचा रोडगा चढवायचा, तिलाच विटाळ केला म्हणे. देवाच्या नावानं बकरं कापणारी माणसं हे बोलत होती. दुखणं अंड्याचं नव्हतं, घराचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

तुळसाबाई चावडीच्या पायरीखाली उभी होती. ती माझ्याकडं वळली. "आप्पा, तुमी तिथंच व्हता. अंडं पाण्यात गेलं व्हतं का? तेवढंच सांगा."

'नाही' म्हणालो असतो तर ती सुटली असती. पण 'नाही' म्हणजे — मी मीठ तपासलं नाही, मी गावाशी खोटं बोललो, गावाचं बियाणं मी घालवलं. जे बोललो ते स्पष्ट बोललो.

"गेलं व्हतं. म्याच सोडलं."

तिचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी झाडू आणि चाळणी परत द्यायला ती आली, ती दाराबाहेरच थांबली. दोन्ही खाली ठेवलं आणि पदराची गाठ सोडून अंडं उंबऱ्यावर ठेवलं. "त्याच दिशी कोनाडा झाडताना घावलं व्हतं," ती म्हणाली. "तुमचं तुमच्यापाशी असू द्या. फोडू नगा, सडलंय." आणि गेली. पुढं ती खडी फोडायच्या कामावर गेली, मग भावाकडं सोलापूरला. आमची पुन्हा गाठ पडली नाही.

म्हणजे चावडीवर तिला सगळं माहीत होतं. अंडं तिच्याजवळच होतं. मग काढून दाखवलं का नाही? दुसरंच अंडं आणलंय म्हणून लोक हसले असते, म्हणून? की आप्पा खरं बोलतील याची तिला खात्री होती? किती वेळा हे घोळवलं. दुसरं खरं असेल, तर मला कधी कळूच नये असं वाटतं. मला तिच्या त्या खात्रीची भीती वाटते, अजून.

ती अंडं ठेवून गेली त्या दिवशी, कुणी यायच्या आत ते नाहीसं करायचं होतं. तिचीच चाळणी घेतली, तिच्याच झाडूनं अंडं चाळणीत लोटलं, मागं नेऊन हौदात सोडलं. खारं पाणी कधीच उपसून टाकलेलं, हौद पावसाच्या पाण्यानं भरलेला. साध्या पाण्यात अंडं बुडतं असं साहेब म्हणाले होते. ते बुडलं नाही. सडलेलं अंडं कुठल्याही पाण्यात तरंगतं हे मला ठाऊक नव्हतं. चाळणीनं दाबलं की खाली जायचं, सोडलं की परत वर यायचं. तेवढ्यात पुढच्या दाराशी माणसांचा आवाज आला. हातानं उचलून खिशात टाकलं असतं तर काम झालं असतं.

मी हात लावला नाही.