दिवाकरचं शेवटचं पोस्टर

ओल्या कागदाचा आणि खळीचा वास कडाक्याच्या थंडीत इतका दूरवर येतो, हे मला ठाऊक नव्हतं. जर्मनीतल्या ज्या शहरात माझी मुलगी नोकरी करते, तिथल्या तिच्या घरासमोर चौकात एक गोल, जाडजूड, माणसाच्या कवेत न मावणारा खांब आहे, आणि त्याला नखशिखांत नाटकांची आणि संगीतनाटकांची पोस्टरं चिकटवलेली असतात. सकाळी शिडी लावून एक माणूस जुन्यावर नवं पोस्टर चढवायचा, लांब दांड्याच्या ब्रशानं खळ फासायचा, आणि तो आंबूस, ओलसर वास बर्फाळ हवेतून माझ्यापर्यंत यायचा. आयुष्यभर कारंज्याच्या शाळेत चित्रकला शिकवलेला मी निवृत्त मास्तर, लेकीकडे पाहुणा म्हणून गेलो आणि तिथली राजवाडे-संग्रहालयं सोडून त्या खांबाच्याच प्रदक्षिणा घालत राहिलो! लेक म्हणायची, बाबा, लोक बघतात. बघेनात का, मी पण बघायलाच आलो होतो.

काय सांगू तुम्हांला त्या पोस्टरांबद्दल! एकावर सगळा कागद काळा, निव्वळ काळा, आणि अगदी तळाशी एक उघडं लाल तोंड. बस. बाकी सारा अवकाश रिकामा, आणि तरी त्या रिकाम्या काळोखात तो न ऐकलेला आलाप वर वर चढत गेलेला स्पष्ट जाणवावा! दुसऱ्यावर खुंटीला टांगलेला एक कोट, ज्याच्या बाहीत अजून कोपराचा बाक शिल्लक आहे आणि माणूस मात्र नाही. अक्षरं जाड, काळी, निर्दय. कधी कागदाच्या कडेवरून निम्मी कापलेली, कधी चित्राच्या छातीवरूनच तिरकी गेलेली. नाटकात काय आहे, नायिका किती देखणी आहे, शेवट गोड की कडू, यातलं अक्षरही पोस्टर सांगत नाही. ते फक्त एक जखम दाखवतं आणि बाजूला होतं. सौंदर्य म्हणजे भरणं, अशा समजुतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा संयम किती परका, आणि किती हवाहवासा!

एक पोस्टर मात्र मला मुळीच आवडलं नव्हतं. एका म्हाताऱ्या नटाचा चेहरा, रंग न लावलेला, इतक्या जवळून टिपलेला की कान आणि केस कागदाबाहेर गेलेले. सुरकुत्या, डाग, ओठाच्या कोपऱ्यातली लाळेची चकाकी, सगळं उघडं. यात कल्पकता ती काय, असं मी लेकीला तोऱ्यात म्हणालो. नाट्यगृहाच्या दालनात जुनी पोस्टरं फुकट वाटायला ठेवलेली होती. त्यांतली चांगली निवडून मी पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळली, आणि हेही एक त्यांच्याबरोबर आलं.

परत आलो, आणि कारंजा ते शेलूबाजार रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्यावर आपले फ्लेक्स माझ्या डोळ्यांत खुपू लागले. वाढदिवसाचा फ्लेक्स आणि मरणाचा फ्लेक्स यांत फरक तो काय? दोन्हीकडे तोच निळा-जांभळा प्रकाश, तोच दुधासारखा उजळवलेला चेहरा, तीच खालची डोक्यांची रांग. एकीकडे शुभेच्छुक, दुसरीकडे शोकाकुल. मेलेल्या माणसाच्या गालावरचा तीळसुद्धा संगणकावर पुसून टाकतात. मी चिडायचो, घरी येऊन बडबडायचो, आणि बायको म्हणायची, तुमचा कसा लावायचा, ते मला आधीच सांगून ठेवा. थट्टाच होती ती. पण हाच प्रश्न माझा मित्र दिवाकर माझ्या पुढ्यात आणून ठेवणार होता, आणि तेव्हा हसायला कुणी नव्हतं.

दिवाकर शेलूबाजारचा. मंगरूळपीरला सरकारी कार्यालयात बाबू, पण खरा माणूस रंगमंचावरचा. दर वर्षी जयंतीला बुद्धविहारासमोर तो नाटक उभं करायचा आणि नायकही तोच असायचा. पडद्याआधी बाहेर लावायचा बोर्ड माझ्याकडे. गोणपाटावर खडूची भुकटी सारवायची, डिंकात रंग कालवायचे, आणि दिवाकरचा चेहरा काढायचा: रुंद कपाळ, दाट भुवया, आणि तो जबडा! चौकोनी, हट्टी, दुरून बैलगाडीतून येणाऱ्यालाही ओळखू यावा असा. वर्षानुवर्षं काढून काढून तो चेहरा माझ्या हातात इतका बसला की डोळे मिटून काढावा. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं तो बोर्ड बघून थांबायची आणि रात्रभर त्याला बघत बसायची. बघितलं जाणं हेच त्याचं अन्न होतं, असं म्हटलं तर त्यात काही चूक नाही.

तोच जबडा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं खाल्ला. नागपूरला कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, निम्मा जबडा आणि जिभेचा मोठा भाग गेला, मांडीचं कातडं गालावर आलं. त्यानंतर दिवाकर तोंडावर दुपट्टा बांधून वावरायचा. बोलायचा, पण ते बोलणं म्हणजे घशातून निघणारी एक ओली घरघर, आणि ती या जगात एकट्या शीलावहिनींना कळायची. तो घरघरायचा आणि त्याची बायको आपल्या आवाजात ते आम्हांला सांगायची. ‘ते म्हन्तेत’ या दोन शब्दांनी तिचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं. भेटायला जाणारे आम्ही सारे मग वहिनींकडेच बघून बोलायचो. किती सोयीचं होतं ते! माणूस समोर बसलेला, आणि आपण त्याच्या खांद्यापलीकडच्या कॅलेंडरकडे बघतोय. जेवताना दुपट्टा सुटला की सगळ्यांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवायचं.

एकदा तपासणीहून परतताना दोघं कारंज्याला उतरून माझ्याकडे आले. समोरच्या खोलीत मी ती पोस्टरं पलंगावर पसरून ठेवली होती. दिवाकर एकेक उचलून बघत गेला. काळोखातल्या लाल तोंडाशी थांबला, हसल्यासारखा हलला. खुंटीवरच्या कोटाशी मी त्याला थांबवून ठेवलं, व्याख्यानच दिलं म्हणा ना: बघ, माणूस न दाखवता माणूस कसा दाखवलाय! त्यानं मान डोलावली आणि म्हाताऱ्या नटाचा चेहरा उचलला. तो मात्र त्यानं खाली ठेवलाच नाही. खिडकीच्या उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला. मग त्यानं दुपट्टा सोडला, एक बोट त्या कागदावर टेकवलं, तेच बोट स्वतःच्या गालावर टेकवलं, आणि वहिनींकडे वळून बराच वेळ घरघरत राहिला.

वहिनींनी पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं, मग खाली बघून म्हणाल्या, “ते म्हन्तेत, माह्या मांगं चौकात बोर्ड लागंन, तो सरानंच बनवावा. त्याच्यावर चेहरा नोका लावू म्हन्तेत.” दिवाकरनं पलंगावर तळहात जोरानं आपटला. “पक्कं म्हन्तेत,” वहिनी म्हणाल्या. त्यानं बायकोकडे बघितलं. किती वेळ बघितलं! मग कागद पलंगावर ठेवला आणि दुपट्टा पुन्हा बांधला. त्याच्या खिशाला पेन होतं, वहीही माझ्या टेबलावर होती. तो काही लिहायला उठला नाही, आणि मला वाटलं, विषय संपला.

मी तर आतून उजळून गेलो होतो, हे आज सांगताना जीभ जड होते. माझ्या मित्रानं, खेड्यातल्या या नटानं, त्या दूरदेशीच्या कलेचं मर्म एका नजरेत ओळखलं, असं मी मानलं. दिवाकर वारला तेव्हा पऱ्हाटीच्या कापसाची वेचणी चालू होती. मी शेलूबाजारच्या फ्लेक्सवाल्याकडे बसून स्वतः मांडणी केली: शुभ्र पांढरा अवकाश, मधोमध दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये बाजूला सरकवलेला पडदा, मागे कुणी नाही, तळाशी जाड काळ्या अक्षरांत नाव आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ. फ्लेक्सवाला दोनदा म्हणाला, “सर, फोटो टाकाचा राह्यला.” मी म्हणालो, राहिलेला नाही. ते त्याला पटलं नाही, पण त्यानं छापलं.

चौकात तो फ्लेक्स लागला आणि मी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो, जसा त्या खांबापुढे उभा राहायचो तसा. जीपवाले एक नजर टाकून पुढे जात होते. दोन पोरांनी वाचलं आणि पडदा विकायला आहे का म्हणून हसली. मग टोपलीत मेथी घेऊन एक म्हातारी आली, माळ्याची, जवळच्या मळ्यातली. जयंतीच्या नाटकांना पुढच्या रांगेत बसणारी ही बाई मला तोंडओळखीची होती. फ्लेक्ससमोर थांबून तिनं टपरीवाल्याला विचारलं, “हे कायचं होय गा? कोन वारलं?” त्यानं नाव सांगताच ती टोपलीसकट खालीच बसली. “दिवाकर? अन् मंग त्याले काहून नाई लावलं? मले वाचता येते काय बाप्पा!”

त्या खांबावरची पोस्टरं चेहरा लपवू शकतात, कारण संध्याकाळी खरोखरच पडदा वर जाणार असतो. रिकामा कोट दाखवा, उघडं तोंड दाखवा. तिकीट काढून आत गेलेल्याला नट भेटतोच. पोस्टर ही तिथे हाक आहे, आणि आत ओ देणारा कुणी आहे. आमच्या चौकातल्या फ्लेक्सच्या मागे काय होतं? विजेचा खांब आणि नाली. या पडद्यामागून आता कोण येणार होतं, आणि मी त्या म्हातारीला कशाचं आमंत्रण देत होतो? एवढं चित्र शिकलो, शिकवलं, परदेशात जाऊन बघून आलो, आणि हा साधा फरक मेथीच्या टोपलीपाशी कळावा! पण दिवाकरचीच इच्छा होती ना, असं म्हणून मी स्वतःला सावरून घेतलं.

कार्यक्रम आटोपल्यावर, मांडव सोडायला सुरुवात झाल्यावर, वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. रडणं त्यांचं होऊन गेलेलं होतं. भिंतीला टेकून त्या सरळ म्हणाल्या, “सर, ते तसं नव्हते म्हनले. तुमच्या घरी. ते म्हनले होते, चेहरा लावा. आताचा. हा, कापलेला. त्या बुढ्यासारका मोठ्ठा लावा म्हने. दोन वर्सं झाले, कोनी माह्याकडं पाहून नाई राह्यलं, मेल्यावर तरी पाहू द्या लोकाइले. माह्या तोंडातून नाई निंगालं, सर. चौकात लोकं त्याइच्या तोंडाले हासतीन, थुकतीन, असं वाटलं मले. म्हून मी उलटं सांगतलं.” मी एवढंच विचारलं की मग त्यानं लिहून का नाही दाखवलं. “लिहता येत होतं ना. नाई लिहलं. माह्याकडं पाह्यलं अन् दुपट्टा बांधला,” त्या म्हणाल्या. “माह्यासाठी.”

बाहेर मांडवाचे बांबू पडत होते. दोन वर्षं तिनं त्याचा प्रत्येक शब्द जगापर्यंत पोचवला, आणि जो एक शब्द त्याला सर्वांत हवा होता तो तिनं अडवला, आणि तो अडवलेला त्यानं कळून-सवरून तिला देऊन टाकला! याला फसवणूक म्हणावं की संसार, हे मला आजही ठरवता येत नाही. फार वाईट वाटलं, त्याच्यासाठी आणि तिच्यासाठीही.

“आता काढता काय त्याइचं चित्र?” वहिनींनी विचारलं. त्यांच्या नातवाच्या चित्रकलेचा मोठा कागद आणि कोळशाची कांडी घेऊन मी बसलो. दिवाकरचा शस्त्रक्रियेनंतरचा फोटो मागितला तर त्या म्हणाल्या, तसा फोटो कुणी काढलाच नाही. बरोबरच होतं, कोण काढणार? कपाळ आलं, भुवया आल्या, आणि मग माझ्या सरावलेल्या हातानं खाली तो जुना, चौकोनी, हट्टी जबडा ओढून टाकला. मी खोडला. पुन्हा हात तिकडेच गेला. त्या उरलेल्या चेहऱ्याचं माझ्यापाशी काहीच नव्हतं. मी कॅलेंडर बघितलं होतं.

वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि कागदावर बोट ठेवून सांगू लागल्या. “इथून आत घ्या. आनखी आत. हे कातडं काळं होतं, मांडीचं होय न ते. इथं टाक्याइची रेघ, कानापासून गळ्यापावतर. हा ओठ असा खाली वढल्यावानी, अन् इथून लाळ गळे, ते बी दाखवा.” मी काढत होतो, आणि नकळत प्रत्येक रेघ थोडी मऊ करत होतो, जशी सवय असते तशी. त्यांनी माझा हात धरला. “आनखी भद्दं काढा, सर. एवढे साजरे नव्हते ते.” मी कांडी दाबून धरली. हळूहळू कागदावर तो माणूस येत गेला ज्याच्यासमोर बसून मी कित्येकदा चहा प्यायलो होतो आणि ज्याला मी पहिल्यांदाच बघत होतो. झालं तेव्हा वहिनी बराच वेळ बघत राहिल्या, आणि अखेर मान हलवून म्हणाल्या, “हां. हेच.”

कागद गुंडाळत मी म्हणालो, “घरातच ठेवायचं ना, वहिनी? आतल्या खोलीत?”

“घरात कायले?” त्या म्हणाल्या. “घरात तं मी पाहतच होती. चौकात लावा.”