थडग्यांपाशी अनवाणी

नव्वदच्या दशकात बहारीनमध्ये मी दिवसभराची सहल केली. आधी ज्वालामुखी, मग चार हजार वर्षांची थडगी, शेवटी हॉटेलात वाइन. ज्वालामुखी निघाला चार ढांगांचं थंड टेकाड. तरी सगळ्यांना सांगताना मी लाव्ह्यातून सात जणांना वाचवतो.

आमचा गाइड पन्नाशीचा, कोल्हापूरकडचा. थडग्यांपाशी तो चपला काढून तापल्या वाळूत चालू लागला.

“काका, इथं कोण तुमचे पाव्हणे?” मी डिवचलं.

“आई गेली तेव्हा इथला साहेब म्हणाला, रजा मफी, मिळायची नाही. मी थोरला. तिच्या तिरडीपुढं मडकं धरून अनवाणी चालायचं माझं होतं, ते धाकट्यानं केलं. म्हणून इथं चालतो.”

वाइन तशीच ठेवून मी हॉटेलातून घरी फोन लावला.

“का रे, बरा आहेस ना?” आईनं विचारलं.

मला एकही थाप सुचली नाही.