आईला फ्रेंच शिकवणारी माझी बहीण

मंडळी, आज मी सख्ख्या बहिणीवर जळले. लपवत नाही.

धाकटी प्रज्ञा हैदराबादला विद्यापीठात फ्रेंच शिकते. सुट्टीला लोह्याला घरी आलीय. दुपारी तिच्या खोलीतून खिदळणं ऐकू आलं, तशी आई तडक आत गेली.

"पुस्तक समोर ठेवून हसतीस? अभ्यास कर."

"अभ्यासच करून राहिले, आई. बस इथं. तू भाजीवाली, मी गिऱ्हाईक."

"मला न्हाई जमत," म्हणत आई बसली. प्रज्ञा एकेक शब्द सांगत गेली, आई तो म्हणत गेली; थोड्या वेळात दोघी फ्रेंचमध्ये वांग्याचा भाव करत होत्या आणि पोट धरून हसत होत्या. मी चहा घेऊन दारातच उभी.

माझ्या मेडिकलच्या क्लाससाठी हीच आई लातूरला खोली करून दोन वर्षं माझ्यासोबत राहिली. माझं लक्ष मोडू नये म्हणून भाकरीसुद्धा हळू थापायची. आज मी डॉक्टर हाय, तिला लई अभिमान हाय. पण त्या खोलीत आम्ही दोघी कधी हसलेलो मला आठवत नाही.

"ताई, ये की, तू पण गिऱ्हाईक हो," प्रज्ञा म्हणाली.

दवाखान्यात जायचंय, असं सांगून मी निघाले. आज रविवार, दवाखाना बंद. बाहेर गाडीत बसून हे लिहितेय.

तुम्ही बसला असता का त्यांच्यात?