सगळ्या बाह्या डाव्या

कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. गणवेश शिवायचा कारखाना होता तो. दवाखान्यातले डगले, वॉचमनचे कोट, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या, काय वाट्टेल ते. खाली शिलाईची मशीनं आणि वर एका लांबलचक खोलीत कापायचं टेबल. टेबल एवढं लांब, की या टोकाच्या माणसाला त्या टोकाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे. त्या टेबलापाशी तिची उभी हयात गेली, आणि अक्षरशः उभ्यानेच गेली. पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या. उजवा अंगठा कात्रीच्या कड्यात राहून राहून बाहेरच्या बाजूला वाकला. नवरा म्हणायचा, "तू कुणाला अंगठा दाखवलास तरी त्याला कळायचं नाही."

ती बी.ए. झालेली होती. ही गोष्ट कारखान्यात कुणाला खरी वाटत नसे आणि घरात कुणाला विसरता येत नसे.

शेवटची परीक्षा झाल्यावर नुसतं घरी बसून काय करायचं, म्हणून ती कारखान्यात आली होती, शिवलेल्या कपड्यांवर मापाच्या चिठ्ठ्या लावायला. तेव्हाचे कटर म्हणजे मास्तर. तिरसट म्हातारा. कुणाशी धड बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांचा जोडीदार आला नाही आणि कापड पसरायला तर दोन माणसं लागतात, म्हणून त्यांनी हिला हाक मारली. हिने टोक धरलं आणि जोर लावून ओढलं.

"ओढतेस काय अशी? म्हैस आहे का ती?" मास्तर खेकसले. मग जरा वेळाने, जणू कापडाशीच बोलावं तसं म्हणाले, "ताग्यात आवळून आवळून दमलेलं असतं ते. आधी निवांत पडू दे. मग हात लाव."

ते वाक्य तिला कुठे लागलं कोण जाणे. ती दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या लावायला बसलीच नाही, सरळ वर गेली.

त्याच सुमाराला तिला एका सरकारी कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वर्गातल्या एका मैत्रिणीने आणि तिने मिळून अर्ज केले होते आणि दोघींची वर्णी लागण्यासारखी होती. मैत्रीण गेली. ही गेली नाही. दवाखान्याचं मोठं काम आलंय, मास्तर एकटे पडतील, असं तिने घरी सांगितलं. तिच्या आईने कपाळाला हात लावला. "मास्तर तुझा कोण लागतो गं? सासरा?"

मैत्रिणीला पुढे बढत्या मिळाल्या, स्वतःचं घर झालं, आता पेन्शनही बसली. मास्तर मात्र दम्याने गेले आणि टेबल हिच्याकडे आलं. पगार कधी वाढला, कधी थांबला. घरात काहीही अडलं की ती म्हणायची, "मी तेव्हा गेले असते तर आज ही वेळ आली नसती." नळ गळला तरी खापर त्या न दिलेल्या मुलाखतीवर फुटायचं. नवरा औषधांच्या दुकानात काम करायचा. तो हसून म्हणायचा, "तू गेली असतीस तर मी तरी कुठला तुझ्या नशिबात? कुणी हेडक्लार्क मिळाला असता." तरी तिने ती गोष्ट सांगणं थांबवलं नाही. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. तिच्यात एकच अर्थ उरला होता, की हिने मूर्खपणा केला.

पण टेबलापाशी उभी असताना तिला असं कधी वाटलं नव्हतं. खडूने रेघा मारून झाल्यावर, कापडाच्या सगळ्या थरांमधून पातं सरळ खाली उतरलं की तिच्या छातीत काहीतरी जागच्या जागी बसायचं. कापडाच्या पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कडेला राहिलेल्या जराशा जागेत कॉलर बसवली की दिवस सार्थकी लागायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? कॉलर बसली म्हणून मला आनंद झाला?

लेक बबडी. आता चांगली तिशीला आलेली, तरी बबडीच. ती आईची ही गोष्ट ऐकतच लहानाची मोठी झाली आणि शहाण्यासारखी विम्याच्या कचेरीत लागली. खुर्ची, गार हवा, ठरलेली रजा. माणसं आजारपणाचे पैसे मागायला येत, आणि ते का देता येणार नाहीत हे शोधून काढणं हे बबडीचं काम. कचेरी लांब, म्हणून ती तिकडेच एक खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. आईचा जीव तिच्यात अडकलेला असे. जेवली असेल का, दाराला कडी लावली असेल का, गप्प का होती, हसली तर एवढी का हसली.

त्या रविवारी बबडी जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "मी नोकरी सोडतेय."

वडिलांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "कुणी काही बोललं का?"

"कुणी काही नाही बोललं. काल एका बाईचा अर्ज मी फेटाळला. नियमाने बरोबर होतं. तिने फोनवर मला विचारलं, 'ताई, तुम्हाला रात्री झोप लागते का?' टोमणा नव्हता हो बाबा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही लागत."

मग बबडी आईकडे वळली. "मला तुझ्याबरोबर टेबलावर यायचंय. हसू नकोस. लहानपणापासून मी ते बघितलंय. मी कापडाचं दुसरं टोक धरीन."

"वेड लागलंय तुला."

"एक सांग मला. खरं सांग हं, नेहमीचं नको. पुन्हा निवडायला मिळालं तर तू कचेरीत जाशील?"

आईने तोंड उघडलं ते नेहमीचंच बोलायला. पण पोरीचे डोळे असे काही लागले होते तिच्याकडे, की ते ठरलेलं वाक्य घशातच राहिलं.

"नाही," ती म्हणाली. "पुन्हा हेच केलं असतं."

नवरा बघतच राहिला. "अगं, मग इतकी वर्षं माझं डोकं का खाल्लंस?"

तिघंही हसली. हसता हसता बबडीच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब दौऱ्यावर आहेत, शुक्रवारी आले की राजीनामा देते, असं ठरवून ती गेली. जाताना जिन्यात गुणगुणत होती. ते ऐकून आई दारातच उभी राहिली.

सोमवारी वॉचमनच्या थंडीच्या कोटांचं काम होतं. कटरबाई वर गेली ती पिसासारखी हलकी. पस्तीसेक वर्षं पोटात दडवलेलं बोलून टाकलं होतं तिने, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. शिवाय टेबलाच्या त्या टोकाला आता पोर उभी राहणार होती. तिला काय काय शिकवायचं याची मनातल्या मनात उजळणी सुरू होती. आधी कापडाला निवांत पडू द्यायचं. मग फर्मा. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा तो साचा, तो कापडावर ठेवून रेघ मारायची. तोंडाने ती हे सगळं हळूहळू पुटपुटतही होती आणि हात आपले आपण चालत होते.

आता नेहमीचं कापड ती उलटसुलट घड्या घालत पसरायची, एक थर तोंड वर, दुसरा तोंड खाली. तसं केलं की बाहीचा एकच फर्मा पुरतो. निम्म्या बाह्या आपोआप डाव्या निघतात, निम्म्या उजव्या. पण या कोटांच्या कापडाला एकाच बाजूने लव होती. ती दबू नये म्हणून सगळे थर तोंड वर करूनच लावायचे असतात, आणि मग बाहीचा फर्मा एकदा सुलटा, एकदा उलटा असा दोनदा आखावा लागतो. हे तिला झोपेत उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. थर तिने बरोबर लावले. फर्मा मात्र एकाच बाजूने आखत गेली. पातं सरळ, सुंदर खाली उतरलं.

बुधवारी खालून बाहीवाली वर आली. बाह्या जोडायचं काम तिचं, आणि जीभ कात्रीहून धारदार. दोन्ही हातांत एकेक बाही धरून ती दारातूनच म्हणाली, "काय गं कटरबाई, या वॉचमन लोकांना दोन्ही हात डावेच आहेत का?"

कटरबाई हसली. मग तिने बाह्या हातात घेतल्या, बगलेची गोलाई बोटाने चाचपली, आणि तिचं हसू विरलं. तिने गठ्ठा सोडला. दुसरा सोडला. सगळ्या डाव्या. उलटून लावाव्यात तर लव आत जाणार.

"उरलेल्या कापडात निघतील का?" बाहीवालीने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही निघणार." कापड वाया जाऊ नये म्हणून तिने इतकं चपखल बसवलं होतं, की चिंध्यांशिवाय काही उरलंच नव्हतं.

मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. तिने त्याला अर्ध्या चड्डीत टेबलाखाली लपताना पाहिलेलं. तो तिला मावशी म्हणायचा. गुरुवारी तो वर आला आणि त्याने तिला खुर्ची दिली, तेव्हाच तिला कळलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मावशी, तुम्हाला काही बोलायला मला जड जातंय."

"मग बोलू नका. भरून देते मी. पगारातून कापा."

"कोटांचं नाही हो. बाहेर एक जण कॉम्प्युटरवर कटिंग करून देतो. दोन वर्षं मागे लागलाय माझ्या. मीच आजचं उद्यावर ढकलत होतो. म्हटलं, मावशी आहेत तोवर चालू दे." तो टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होता. "आता घरचेही ऐकणार नाहीत. टेबल काढावं लागेल. तुम्ही खाली पॅकिंगला या. पगार थोडा कमी होईल, पण बसून काम आहे."

बसून काम. तिच्या आईला केवढा आनंद झाला असता!

संध्याकाळी घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बबडीला आत्ताच फोन कर. उद्या शुक्रवार."

"काय सांगू?"

"टेबल गेलं, एवढंच सांग. आणखी काय सांगायचंय?"

तिने ते सांगितलं. बाह्यांचंही सांगितलं. बबडीच्या आवाजात एकदम असा उत्साह आला, जो आईने तिच्या लहानपणानंतर कधी ऐकलाच नव्हता.

"बरंच झालं की मग! आई, आपण आपलंच काढू. ते टेबल विकत मागू त्यांच्याकडे. तुझा हात आहे ना! माझ्या फंडाचे पैसे मिळतील. आपण दोघी..."

"अगं, काम कोण देईल?"

"मिळेल गं. तूच म्हणालीस ना, पुन्हा हेच केलं असतं म्हणून? मग घाबरतेस कशाला?"

आईच्या डोळ्यांपुढे आलं ते सगळं. भाड्याची खोली, टेबल, टेबलाच्या दोन टोकांना दोघी, आणि मध्ये पसरायला कापड नाही. पोरीचा फंड संपलेला. आपण आज ना उद्या थकणार, आणि पोर एकटी, मास्तरांसारखी खोकत. ती नाही नाही म्हणत राहिली तर बबडी ऐकणार नव्हती. हट्ट आईचाच उचलला होता तिने. एकच गोष्ट अशी होती की जिने ती जागच्या जागी थांबली असती.

"बबडे, ऐक. रविवारी मी खोटं बोलले."

"काय खोटं?"

"तेच. पुन्हा हेच केलं असतं म्हणाले ते. तू रडवेली झाली होतीस, तुला बरं वाटावं म्हणून बोलून गेले. माझं चुकलंच होतं तेव्हा. आजही चुकलं म्हणते. तू चुकू नकोस."

नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय, म्हणून ती हॅलो हॅलो करू लागली.

"आहे मी," बबडी म्हणाली. उत्साह पार मावळला होता. "आई, तू आयुष्यभर एकच सांगत आलीस आणि मी ते ऐकलं. एकदाच काही वेगळं बोललीस, तर तेही खोटं."

"तुझ्या भल्यासाठीच सांगतेय ना गं."

"हो. माहितीये." मग तिने विचारलं, "जेवलात का तुम्ही दोघं?"

शुक्रवारी बबडीने राजीनामा दिला नाही. आई पॅकिंगला बसली. कपड्यांच्या घड्या घालून पिशव्यांत भरायच्या, तोंडाला चिकटपट्टी लावायची. बाहेरून कापून आलेले गठ्ठे तिच्या समोरूनच जात. तिने एकदा त्यातल्या एका बाहीवर बोट फिरवून पाहिलं. काही चूक नव्हती. वरच्या खोलीत मालकाने माल ठेवायला फळ्या ठोकल्या.

बबडी रविवारी येत राहिली. वेळेवर येते, जेवते, ताटं धुते, वडिलांच्या विनोदांना हसते. पुढे तिला बढतीही मिळाली. आता तिच्या हाताखाली चार जण आहेत आणि ते अर्ज बरोबर फेटाळतात की नाही हे ती तपासते. तिने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "छान झालं हो." खरंच छान झालं होतं. शेजारी सांगण्यासारखं होतं, आणि आईने ते सांगितलंही.

फक्त त्यानंतर बबडीने आईला कधी काही विचारलं नाही. हे घेऊ की ते घेऊ, हेसुद्धा नाही. आणि खरं काय ते आपणहून सांगायची आईची छाती होत नाही. सांगावं, तर पोर पुन्हा उठेल नोकरी सोडायला. न सांगावं, तर ती अशीच येत राहील, अशीच ताटं धुवून जात राहील. कधीकधी बबडी चपला घालत असते, तेव्हा आई मन घट्ट करून दारापर्यंत जाते.

"बबडे."

"काय गं?"

"काही नाही. पोचलीस की फोन कर."

"करते," बबडी म्हणते आणि जिना उतरू लागते.