आवाज बंद झाला की

आकाशातल्या विमानाचा आवाज मध्येच बंद झाला की माझी आई हातातलं काम सोडून उभी राहते. हातात खुरपं असेल तर खुरप्यासकट, डोक्यावर भारा असेल तर भाऱ्यासकट. आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत ती जागची हलत नाही. मी विमान चालवायला लागलो तेव्हापासून पासली या आमच्या गावच्या खाचरात हे चालू आहे, आणि मला ते कळलं गेल्या उन्हाळ्यात.

मी विमान चालवायला शिकवतो. आमची धावपट्टी पूर्वेकडे सपाटीवर आहे, पण स्टॉलचा सराव करायला मी इकडे येतो, भाटघर धरणाच्या पाण्यावर, भरपूर उंची घेऊन. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. विमानाचं नाक वाजवीपेक्षा वर गेलं की हवा पंखाला धरून वाहत नाही, पंख विमानाचं वजन पेलेनासा होतो आणि विमान खाली बसतं. अशा वेळी मनाला वाटतं त्याच्या उलट करावं लागतं. जमीन समोर दिसत असताना नाक आणखी खाली सोडावं लागतं. हे हाताला कळावं म्हणून आम्ही मुद्दाम इंजिन मंद करून विमानाला त्या टोकाला नेतो. आत बसलेल्याला इंजिन फिरताना दिसत असतं. खाली खाचरात उभ्या असलेल्या बाईला मात्र आवाज गेला एवढंच कळतं.

शिकाऊ, संथ विमानात हा सराव सगळेच करतात. वाद आहे तो जोरकस इंजिनाच्या वेगवान लहान विमानांचा. ही विमानं स्टॉलमध्ये शहाण्यासारखी नाक खाली टाकत नाहीत. एक पंख अचानक लुळा पडल्यासारखा खाली गळतो, आणि त्या क्षणी पायाखालची सुकाणूची फळी चुकीची दाबली तर विमान गरगरत खाली जायला लागतं. म्हणून माझे काही सोबती म्हणतात की हा धोका विकत घेऊच नये, इशाऱ्याचा भोंगा वाजला की तिथूनच परत फिरावं. मी नेहमी उलट बोलत आलो. उतरायच्या आधी शेवटचं वळण घेताना, जमीन जवळ आली असताना, एक दिवस तो पंख गळणारच असेल तर ती त्या माणसाची पहिली वेळ नसावी. सोबत कोणी तरी असताना, उंचावर, ती वेळ एकदा येऊन गेलेली असावी. मी हे अनेकांना ऐकवलं आणि अनेकांच्या मुलांकडून करून घेतलं. मुलं पांढरीफटक पडायची, आणि मी हसून म्हणायचो, "चला, पुन्हा एकदा."

मग माझी मुलगी आली.

विमान चालवायला ती दुसरीकडे शिकली. तिला आकाशातून जमिनीचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडे काम मिळालं, आणि त्याचं विमान अगदी त्याच जातीचं होतं, वेगवान आणि एका इंजिनाचं. तिला त्यावर तयार करायचं काम त्या माणसाने मलाच दिलं. त्याला वाटलं, बापापेक्षा जास्त काळजीने कोण शिकवणार? मी नको म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो.

सगळं शिकवलं. चाकं वर घेणं, आडव्या वाऱ्यात उतरणं, इंजिन गेल्यावर शेत निवडणं. स्टॉलच्या वेळी भोंगा वाजला मात्र आणि मी म्हणालो, "बास. नाक खाली. इथवर कळलं म्हणजे पुरे."

"पूर्ण नाही करायचा?" तिने विचारलं.

"या विमानात गरज नसते."

"बाकीच्यांनाही इथूनच परत आणता, बाबा?"

"हो," मी म्हणालो.

तिने विमान धावपट्टीकडे वळवलं. तिचं काम सुरू व्हायला अजून थोडे दिवस होते, तेव्हा आम्ही दोघं गाडीने गावाकडे निघालो. शिवऱ्याला चहाला थांबलो. ग्लास फुंकत ती म्हणाली, "मी तुमच्या एका विद्यार्थ्याला फोन केला होता. तो म्हणाला, सरांनी इतके स्टॉल करून घेतले की मी खाली येऊन ओकलो." मी रस्त्यावरच्या ट्रककडे बघत राहिलो. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त माझ्या ग्लासाखालचा चहा फडक्याने पुसला आणि गाडीची किल्ली मागितली. वेल्ह्यापर्यंत तिनेच गाडी चालवली.

पासलीत राब भाजायचे दिवस होते. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, गवत आणि वर माती असे थर रचून ते सावकाश जाळतात. सगळ्या डोंगरात धूर असतो. आई बांधावर बसून काठीने कडा सारत होती. नातीला बघून उठली, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई वाळलीस गं. वर खायाला देत न्हाईत का?"

शेजारचे काका काठी टेकत आले. "काय गं बाय, तुजं इमान वर बंद पडलं तर धक्का माराया मानसं लागतील की न्हाई? आमी हाय मोकळंच."

"तुमचं वजन चालायचं नाही, आजोबा," ती म्हणाली, आणि काका तंबाखूचं तोंड धरून हसले.

आई मात्र हसली नाही. "खरंच, ते वर गेल्यावर गप का बसतं?" तिने मला विचारलं. "एवढी वर्सं इचारीन म्हनते. आवाज येतो, येतो, आन मग न्हाईच. माजं काळीज हातात येतं."

मी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"काय करनार? उबी ऱ्हाते. आन ओला पेंढा पेटवून धूर करते."

"धूर कशाला?"

"तुला कळाया नगं का, घर कुठं हाय? इंजान बंद पडलं तर आपल्याच वावरात उतरशील. दगडं येचून ठेवलीत म्या मोठ्या खाचरातली."

मी त्या खाचराकडे पाहिलं. खरंच साफ होतं. त्यात उतरायला गेलो असतो तर बांधाला आपटून विमानाचे तुकडे झाले असते. पण तो धूर मला माहीत होता. भाटघरवरून तोरण्याच्या बाजूला नजर टाकली की डोंगराच्या पायथ्याशी एक धूर नेहमी दिसायचा, अगदी पावसाळा संपल्यावरसुद्धा, जेव्हा कोणी राब भाजत नाही. वारा कुठून आहे ते मी त्याच्यावरून बघायचो. तो आमच्याच खाचरातून येतोय, हे कधी मनातही आलं नाही.

मी आईला स्टॉल समजावून सांगितला. इंजिन बंद पडत नाही, आम्हीच मंद करतो, पडू नये म्हणून पडायचा सराव करतो. तिने सगळं ऐकलं. मग नातीकडे बघून म्हणाली, "हिला शिकिवलंस का हे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यावं लागलं. "नाही. तिच्या विमानात नाही शिकवलं."

"बरं केलंस," आई म्हणाली. "नगंच शिकवू. कशाला उगा?"

माझ्या मनातलं भय तिच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर आलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मान वर होईना.

आई पुन्हा काठीने कड सारायला लागली. "तुला बी म्हनायचं व्हतं मला, की जाऊ नगं," ती खाली बघत म्हणाली. "म्हनले न्हाई, येवडंच."

मुलगी तिच्या शेजारी बसली आणि राबावर माती टाकू लागली. मी उभाच राहिलो. मी परक्यांच्या मुलांना सगळं दिलं आणि माझ्या मुलीला अर्ध्यावर ठेवलं. जमीन जवळ असताना तो पंख तिच्यासाठी पहिल्यांदा गळला असता, आणि तिथे मी नसतो. मी तिला जपत नव्हतो, मी स्वतःला त्या क्षणापासून वाचवत होतो.

निघताना मी आईला म्हणालो, "परवा सकाळी आवाज बंद होईल. पुष्कळदा होईल. घाबरू नकोस."

तिने काठी बांधावर ठेवली. "धूर करू का?"

"कर. वारा कळतो त्याने."

त्या सकाळी हवा स्थिर होती. भाटघरवर पोहोचेपर्यंत आम्ही नेहमीपेक्षाही जास्त उंची घेतली. खाली कोणी विमान नाही हे तिने दोन्ही बाजूंना वळून पाहिलं. मग इंजिन मंद केलं, नाक उचललं. भोंगा वाजायला लागला, दांडा थरथरला, डावा पंख एकदम खाली गेला आणि समोर नुसतं पाणी. मी झडप घालून विमान ताब्यात घेतलं. तिला काही करायला वेळच दिला नाही.

पुन्हा वर गेलो. पुन्हा तेच, पुन्हा माझे हात.

विमान सरळ झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हात."

मी हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. पाय फळीवरून मागे घेतले. असं बसणाऱ्याला आमच्या धंद्यात कोणी शिक्षक म्हणणार नाही. तिने इंजिन मंद केलं. आवाज गेला. पंख गळला, तसं तिने नाक सोडलं, उजवा पाय दाबला, पंख सावरला, इंजिनाचा जोर वाढवला आणि घाई न करता पाणी काचेतून खाली सरकवलं. क्षितिज जागेवर आलं. तिच्या ओठावर घाम होता.

"चला, पुन्हा एकदा," ती म्हणाली.

शेवटच्या वेळी तिने तोरण्याकडे बोट दाखवलं. पायथ्याशी धूर होता, थोडा पूर्वेकडे कललेला. "आजीकडे वारा पश्चिमेचा आहे," ती म्हणाली, आणि आम्ही धावपट्टीच्या दिशेने वळलो.

उतरल्यावर मी आईला मोबाईल लावला.

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "लई येळा गप झालं. पयल्यांदा उबी ऱ्हायले. मग म्हनलं, हे काय संपत न्हाई, आन बांधावर बसले. गुडगं दुकत्यात आता."

"घाबरलीस?"

"मग काय नाचू?" लगेच तिने विचारलं, "आन चालवत कोन व्हतं? तू का ती?"

"तीच."

"तुजं हात कुटं व्हतं?"

"मांडीखाली."

 ती हसली, आणि मला खोकल्याचा आवाज आला. अजून धुरातच बसली होती.