खांद्यावरचा पोचा

"पुन्हा बुजवलात ना?"

"बुजवलं कुठे? जरासा हात फिरवला फक्त."

"हात फिरवला! काल संध्याकाळी तुम्ही या खांद्यावर हातोडीनं वाटीएवढा पोचा पाडलात. मी इथेच उभी होते. कुठे गेला तो? फिरायला गेला?"

मास्तरांनी बायकोसमोरच त्या खांद्यावरून बोटं फिरवली. पोचा होता तिथे आता ताज्या पुट्टीचा करडा गोल होता, आणि तोही पॉलिशपेपरनं घासून एकसारखा केलेला. खांदा ज्याचा होता तो सात फुटी पत्र्याचा यंत्रमानव मधल्या खोलीत, शिवणकामाच्या खोलीत, चौदा महिने उभा होता. छाती कपडे धुण्याच्या यंत्राच्या पिंपाची, डोळे मोडीतल्या दोन दिव्यांचे. मास्तरांनी लहानपणी सात वेळा पाहिलेल्या एका सिनेमातला हा गोदीतला हमाल. आयुष्यभर पेट्या वाहून झिजलेला, पोचे पडलेला, गंजलेला. म्हणून तो नुसता बांधून चालणार नव्हतं, त्याला जुना करायचा होता. आणि तिथेच सगळं अडलं होतं.

कारण बांधणारा माणूस एकतीस वर्षं गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्या सरळ करत आला होता. तिथे त्यांना आरसामास्तर म्हणत. त्यांनी रंगवलेल्या दारात पाहून गिऱ्हाईक भांग पाडायचं. एकदा तर एक गाडीमालक भांडायलाच आला होता, ही माझी गाडीच नाही, माझीला केवढा मार लागला होता! ही गोष्ट मास्तर अजून सांगत, आणि घरातलं कुणीही अजून ऐकून घेत नसे.

"अगं, कडा फार बोचत होती," ते म्हणाले. "मला चहा जाईना."

"मला चौदा महिने काय काय जात नाहीये, ते विचारलंत कधी?"

बायकोचं कापण्याचं टेबल बोळात भिंतीला उभं करून ठेवलं होतं. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून कापड कापायची. मापं द्यायला आलेली एक बाई पडद्यामागे गेली, समोर ते दोन डोळे दिसले, तशी अर्ध्या कपड्यांत किंचाळत बाहेर आली. ती परत फिरकली नाही. गेल्या वर्षी शाळेच्या ऐंशी गणवेशांचं काम जागा नाही म्हणून सोडावं लागलं. या वर्षी शाळेच्या कारकुनानं पुन्हा विचारलं होतं, आणि स्पष्टच सांगितलं होतं, रविवारी अकराला फोन करतो, हो की नाही ते सांगा. नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.

आज रविवार होता. अकराला दहा मिनिटं कमी होती.

"आज संपवतो म्हणाला होतात."

"संपलंच आहे. नुसता गंज राहिलाय."

गंज त्यांनी यंत्रमानवाच्या कपाळावर रंगवला होता. तपकिरी रंगाचे दोन गोल, टिकली लावावी तसे नेमके.

"कपाळावर कशाला गंज येईल? ओझं कपाळावर वाहत होता का तो?" तिनं खणातून आपली मोठी कात्री काढून त्यांच्यापुढे धरली. "हे बघा. काळा रंग कुठून गेलाय? अंगठा बसतो तिथूनच. बाकी आहे तसा आहे. जिथे हात लागतो तिथे झिजतं, जिथे पाणी साचतं तिथे गंजतं. हे मी सांगायचं तुम्हाला?"

मास्तरांनी कात्री उलटसुलट करून पाहिली. "बरोबर आहे तुझं," ते हळूच म्हणाले.

"आणि त्याच्या कोपराखाली बघ," सासूबाई दारातून म्हणाल्या. आंघोळीनंतरचा ओला टॉवेल त्या रोज यंत्रमानवाच्या पुढे केलेल्या हातावर वाळत घालत. "कसा छान ओघळ आलाय. मी केलाय तो."

खरंच आला होता. पाणी ठिबकून पत्र्यावर लालसर रेघ उतरली होती. अख्ख्या यंत्रमानवावर खरी वाटणारी तेवढी एकच जागा.

"आई, तो मी उद्या पुसणारच होतो," मास्तर म्हणाले.

बायकोनं हातोडीकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी हातोडी उचलली. दुसऱ्या खांद्यावर एक घाव घातला, चांगला जोरात. पत्रा आत गेला. ते मागे सरले, मान तिरपी करून त्यांनी पाहिलं, आणि खूश होऊन बायकोकडे वळले. "घे! झालं समाधान?"

पण ते बोलत असतानाच त्यांचा उजवा हात मागे गेला. बाकावर चाचपला. पॉलिशपेपरचा तुकडा बोटांना सापडला, आणि मास्तर बायकोकडे बघून हसत असतानाच अंगठा पोच्याची कडा घासू लागला, हळूहळू, गोल गोल. त्यांना ते कळलंही नव्हतं.

तिला मात्र कळलं. पुढचा रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार, सगळे एकदम कळले. या माणसाशी भांडून उपयोग नव्हता. भांडण त्याच्या अंगठ्याशी होतं.

तिनं त्यांच्या बोटांतून पॉलिशपेपर काढून घेतला. पुट्टीचा डबा उचलला, हातोडी उचलली, सगळं कापडांच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हो, मीच बोलतेय. घेते मी ऐंशीच्या ऐंशी. कापड उद्या सकाळी पाठवा."

फोन ठेवून ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"जेवणं झाली की हा कमरेतून दोन भागांत सुटेल आणि बाहेर अंगणात जाईल. भिंतीपाशी, उघड्यावर."

"अगं, उघड्यावर खराब होईल तो!"

"चौदा महिने तुम्हाला तेच करायचंय ना? ऊन आणि पाऊस करतील. त्यांना पॉलिशपेपर सापडत नाही." ती टेबल आणायला बोळाकडे वळली. "वर्षभर कुणी त्याला हात लावायचा नाही. आई, टॉवेल तेवढा त्याच्याच हातावर वाळत घाला."