खाली गेलेल्यांचे दगड

आमच्या गावात गोव्याला कुणी गोवा म्हणत नाही, 'खाली' म्हणतात. पोरगा कुठं असतो? खाली असतो. निपाणी-बेळगाव रस्त्यापासून आत, घटप्रभेच्या काठी आमचं गाव आहे. तिथले बरेच तरुण खाली कामाला जातात. जाताना आपल्या शेतातला एक दगड सोबत नेतात आणि चोर्ला घाटाच्या माथ्यावर, एका जांभळीखालच्या ढिगात ठेवतात. कायमचं परतताना तोच दगड उचलून आणायचा. दगड घाटावर आहे तोवर माणूस खालीच आहे असं समजतात.

माझा थोरला भाऊ, अण्णा, खाली वेल्डर होता. त्याच्या पगारावर मी कॉलेजात गेलो. आमच्या घरातला मी पहिलाच. गेल्या वर्षी तो तिकडेच तापाने गेला. त्याला घेऊन आलेली गाडी घाटात थांबली नाही. थांबवायचं कुणाला सुचलंही नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा चुलीपुढे बसलेली आई म्हणाली, "माणूस आलं. दगड तिथंच ऱ्हायला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू दगडाचंच शिकतोस न्हवं? तुला वळकंल."

मी बेळगावात भूगर्भशास्त्र शिकतो. हे शिकून पुढे काय, असं आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला बरेचदा विचारलं आहे आणि मला नीट सांगता आलेलं नाही. आईने सांगितलेलं काम मात्र मला येण्यासारखं होतं. दगडाची खूणही तिला पाठ होती. मुठीएवढा, तांबूस, एका अंगाला वळ्या, गोधडीच्या टाक्यांसारख्या. त्या वळ्या मला माहीत होत्या. शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्रात, लाटांनी वाळूवर उठवलेल्या. तसा वालुकाश्म आमच्या शेतात नांगराला लागतो. घाट मात्र काळ्या बेसाल्टचा आणि वर तांबड्या जांभ्याचा. त्यात आपला दगड लगेच दिसेल अशी माझी खात्री होती.

बेळगावातल्या अनगोळच्या माझ्या खोलीवरून सकाळी अण्णाचीच मोटरसायकल काढली. तिचा आरसा अजून त्याच्या उंचीला लावलेला आहे. त्यात मला मागचा रस्ता दिसत नाही, स्वतःचा खांदा तेवढा दिसतो. जांबोटी मागे पडल्यावर रान दाट झालं. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांत लाव्ह्याचे थर एकावर एक दिसत होते. वर्गात त्यांची चित्रं मी कितीतरी काढली होती. त्या दिवशी मात्र एवढंच मनात येत होतं, की अण्णा इथून दर सणाला आला-गेला आणि मी एकदाही त्याच्या मागे बसलो नाही.

जांभळीखालचा ढीग माझ्या कमरेएवढा होता. वर घरंगळून आलेले घाटातले काळे दगड बाजूला केले आणि तो दिसला. तांबूस, मुठीएवढा, वळ्यांचा. मी तो पिशवीत ठेवला. डोळे भरून आले. उठता उठता शेजारी दुसरा दिसला. तसाच. त्याच्या खाली आणखी एक.

समोर चहाचं खोपटं होतं. तिथली बाई मघापासून बघत होती.

"काय रं, दगडं मोजाय सरकारनं धाडलंय व्हय?"

"न्हाय मावशी. आमचा एक शोधतोय."

"डोंगरात येऊन दगड शोधतोय! मग घावला का?"

"लई घावले," मी म्हणालो.

माझा चेहरा बघून ती हसायची थांबली. आईला फोन लागत नव्हता. रेंज कुठल्या वळणावर येते ते तिनेच दाखवलं.

आईला मी सगळं सांगितलं. तांबूस दगड सगळे आपल्याच भागातले आहेत, एकाच जातीचे, आणि अण्णाचा कोणता ते मला कळत नाही.

 तिने आधी एवढंच विचारलं,

"पिशवीत घातलाईस काय?"

"एक घातलाय."

"काढ. दुसरीच्या लेकाचा असंल तर? त्यो वर येईल आनि त्याला घावायचा न्हाय."

मी दगड जिथला तिथे ठेवला. घसरलेलेही पुन्हा रचले. मावशीने चहा आणून दिला.

अंधार पडायच्या आत गावी पोचलो. आप्पा अंगणात होते. "वळकला?"

"दगड वळकला, आप्पा. आपल्या अण्णाचा कुठला, ते न्हाय वळकलं."

त्यांनी मान हलवली आणि मोटरसायकल स्वतःच आत घेतली.

जेवताना आई म्हणाली, "तिथं सावली हाय काय रं?"

"हाय. मोठी जांभळ हाय."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.